तीन नंबरच्या खिडकीतली दाढी

मृत्यू ही जगातली एकमेव गोष्ट आहे जिच्याबद्दल दोन मतं असू शकत नाहीत, असं मी एकोणीस वर्षं गावच्या नोंदणी कचेरीत तीन नंबरच्या खिडकीमागे बसून मानत आलो. जन्माबद्दल वाद होतात, लग्नाबद्दल तर होतातच. मृत्यूला मात्र डॉक्टरचा दाखला, नातेवाइकाची सही आणि माझा शिक्का एवढं झालं की विषय संपला. मग माझ्या गळ्यावर पुरळ उठलं आणि आमच्या गावात एक माणूस दाखल्याशिवाय मेला. तो नेमका कोण, हे ठरायला पुढे चार आठवडे लागले.

पुरळ तसं जुनंच. तीन वर्षांचं. रोज सकाळी साडेसहाला मी दाढी करायचो, साडेसातला कॉलरचं बटण लावायचो आणि आठच्या आत हनुवटीखालचा सगळा भाग उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा व्हायचा. बारीक लाल पुटकुळ्या, मधूनच कातडीच्या आत वळलेला एखादा केस, आणि त्या सगळ्यावर दिवसभर घासणारी कॉलर. समोरचा माणूस बापाच्या मृत्यूची वेळ सांगत असायचा आणि मी गळा खाजवत असायचो. त्याला वाटायचं, साहेबांना कंटाळा आलाय.

उपाय प्रत्येकाकडे होता. आमच्या कचेरीच्या प्रमुख थू बाई म्हणाल्या, गार पाण्यानं करा. दोन नंबरची खिडकी म्हणाली, गरम. बाबा म्हणाले, "सैन्यात आम्ही एका पात्यावर नऊ जण दाढी करायचो, तीही अंधारात. पुरळ यायला वेळच नव्हता." आईनं गच्चीवरच्या कोरफडीची पानं चिरून रोज रात्री माझ्या गळ्याला बांधली. शिवाय जे लाल असतं आणि जात नाही ते दुर्दैव, असा तिचा हिशेब असल्यामुळे ती आठवड्यातून एकदा डुकराचे पाये आणि शेवया करायची. घरातली पीडा घालवायला आमच्याकडे याहून जालीम काही नाही. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी बिनलग्नाचा राहिलो त्यावरही हाच उपाय चालू होता, म्हणजे एकाच पातेल्यात दोन कामं. आईचे पाये गावात नावाजलेले. कातडी अशी तुळतुळीत की शोधून केस सापडायचा नाही.

शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि युआनलिनला कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं माझा गळा चाळीस सेकंद बघितला.

"उलटी दाढी करता?"

"गुळगुळीत व्हावी म्हणून."

"कातडी ताणून?"

"हो."

"पातं कधी बदलता?"

"दर सोमवारी."

आता त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "दर सोमवारी नवं पातं? मग इतकं व्हायला नको." क्षणभर तो विचारात पडल्यासारखा दिसला, पण बाहेर सव्वीस पेशंट होते. त्यानं मलम लिहून दिलं, 'दाढीची योग्य पद्धत' असा नऊ कलमांचा छापील कागद दिला आणि म्हणाला, "तीस दिवस दाढी नाही. गळ्याला विसरून जा. नंतर कागदाप्रमाणे."

थू बाईंनी अर्ज तीन प्रतींत घेतला, त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडलं आणि दाढी मंजूर केली.

आता आमच्याकडे आई किंवा बाप गेला की मुलगा एकोणपन्नास दिवस दाढी करत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. असे खुरटी दाढी वाढलेले मुलगे रोजच माझ्या खिडकीसमोर उभे राहतात. पण पुरळ आलेला माणूस आरशात फक्त पुरळ बघतो.

दुसऱ्या आठवड्यात खिडकीसमोरची माणसं एकाएकी माणसासारखी वागू लागली. कोणी रांग मोडेना. कोणी "एवढ्या एका शिक्क्याला अर्धा तास?" म्हणेना. बाजारात टोफू विकणारी शिऊ-चिन मावशी नातवाचा दाखला घ्यायला आली, तिनं माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि खिडकीच्या भोकातून हात घालून माझा हात धरला.

"अचानक झालं का रे?"

"नाही हो मावशी. तीन वर्षं चाललं होतं."

"अरेरे. फार सोसलंत. सकाळी सकाळी का?"

"सकाळीच जास्त. दुपारनंतर जरा शांत व्हायचं."

"आता सुटलात म्हणायचं."

"डॉक्टर म्हणाले, आता काही करू नका. तसंच राहू द्या."

मावशीनं डोळे पुसले. एका पुरळाबद्दल गावाला इतकी कळकळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला गाव आवडू लागलं.

विसाव्या दिवशी, शनिवारी, घरासमोर एक छोटा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं माणसाच्या उंचीचा एक मनोरा उतरवला. पिवळ्या कागदात गुंडाळलेले पेयांचे डबे, थरावर थर, वर कागदाचं कमळ. अंत्यविधीला पाठवतात तसा. खाली पांढरी पट्टी: 'कै. यान शुई-मू यांस, शेतकरी संघाकडून.'

"यान शुई-मू यांचं घर हेच ना?"

"मीच यान शुई-मू," बाबा म्हणाले.

ड्रायव्हरनं पट्टी वाचली, बाबांकडे बघितलं, पुन्हा पट्टी वाचली. "मला फक्त सही लागते," तो म्हणाला.

बाबांनी सही केली. स्वतःच्या मरणाची पोच देणारा आमच्या नोंदीतला हा बहुधा पहिलाच इसम. मग ते वाकून मनोऱ्याभोवती फिरले, एकेक डबा वाचत.

"कोहळ्याचा चहा. कोहळ्याचा चहा. सगळा कोहळ्याचा चहा! अरे, तेहतीस वर्षं सभासद आहे मी. तो छाय गेला तेव्हा त्याच्या घरी सोयाबीनचं दूध पाठवलं होतं, वरच्या दोन थरांत कॉफी!"

"बाबा, काहीतरी चूक झालीय."

"चूक कसली, चिकटपणा आहे हा." मग त्यांची नजर माझ्या हनुवटीवर थांबली. "वन-पिन. दाढी किती दिवसांची?"

"वीस."

बाबा पायरीवर बसले. "आणि पौर्णिमेला सात राहिले," ते म्हणाले.

पौर्णिमा का, ते सांगायला हवं. दुसऱ्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेला आमच्या माझू देवीच्या देवळात वर्षाचा मानकरी ठरतो. देवीची धूपदाणी वर्षभर त्याच्या घरी राहते, पालखीपुढे तो चालतो आणि गाव त्याला वर्षभर रस्त्यात वाकून नमस्कार करतं. निवड देवी स्वतः करते. कौलाचे दोन तुकडे असतात, लाकडाचे, चंद्रकोरीसारखे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे, नकार. दोन्ही उताणे पडले तर देवी हसली, पुन्हा टाका. लागोपाठ ज्याला जास्त होकार तो मानकरी. बाबांनी एकतीस वर्षं कौल टाकले होते. बाकी आयुष्यात त्यांनी कशाचाच हट्ट धरला नाही, बढतीचासुद्धा नाही. गेल्या वर्षी त्यांना लागोपाठ चार होकार आले आणि नूडलवाल्या छुईला पाच. त्या रात्री बाबा जेवले नव्हते. आणि नियम एकच: ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, त्या घरानं धूपदाणीला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या समितीचे अध्यक्ष होंग काका यादी आणि लाल पेन घेऊन आले. चेहरा आधीच पडलेला. दार बाबांनी उघडलं.

"शुई-मू," होंग काका म्हणाले. "तू आहेस."

"मग कोण असणार?"

"नाही, बरं झालं. छान दिसतोयस." काकांनी आत डोकावून बघितलं. "वहिनी कुठंयत?"

आई हातात डुकराचा पाया घेऊन स्वयंपाकघरातून आली. "इथंच आहे. काय झालं, होंग भाऊजी?"

काकांनी पेन खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. "तू जिवंत, वहिनी जिवंत. मग ही कोणासाठी?" त्यांनी पेननं माझी दाढी दाखवली.

"पुरळ आलंय," मी म्हणालो. "दाढीचं. गळ्यावर."

"पुरळ," होंग काका म्हणाले. अपघातानंतर दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं "खोकल्याचं औषध होतं" म्हटल्यावर पोलीस जसं म्हणतात, तसं.

मी सोमवारी कचेरीतून आमच्या कुटुंबाचा उतारा काढून नेऊन दिला. शिक्क्यासकट. यान शुई-मू, हयात. पत्नी, हयात. काकांनी चष्मा लावून तो वाचला.

"कुठल्या खिडकीतून घेतलास?"

"स्वतःच्या घरचं काम स्वतः करता येत नाही. दोन नंबरच्या."

"म्हणजे तुझ्या शेजारच्या."

"हो."

"छान कागद आहे," ते म्हणाले आणि परत दिला. "अरे वन-पिन, कागद माणूस बनवतो. दाढी आपोआप येते."

दाढी आपोआप येते, पण बातमी आणावी लागते, आणि आमच्या गावात ते काम करणारे पुष्कळ आहेत. बाप जिवंत आहे, आई जिवंत आहे आणि मुलगा तर सुतक पाळतोय. गावानं शांतपणे विचार केला. शिऊ-चिन मावशीच्या टोफूच्या गाड्याजवळ मंगळवारी सकाळी विचार पूर्ण झाला: बाप दुसरा आहे.

मग फक्त तारखा जुळवायच्या राहिल्या. मी दाढी सोडली त्याच दिवशी तेलाच्या घाण्याचे मालक लुओ थ्येन-फू यांच्या मृत्यूची नोंद झाली होती. नोंद मीच केली होती. आणि त्यानंतर तासाभरात, हे तीन साक्षीदारांनी पाहिलं होतं, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गळ्याला हात लावत कचेरीबाहेर पडलो होतो. आई चाळीस वर्षं लुओंच्या घाण्यावरून तिळाचं तेल आणत होती. लुओ तिला मापाच्या वर पळीभर जास्त घालायचे. माझे कान आणि लुओंचे कान, हा विषय बुधवारी निघाला.

गुरुवारी लुओंचा थोरला मुलगा लुओ चि-हूंग माझ्या खिडकीसमोर आला. वडिलांच्या नोंदीचा उतारा हवा होता. त्याची दाढी माझ्याएवढीच, साडेतीन आठवड्यांची. मधे काच. आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे होतो आणि सगळी कचेरी टाइप करायची थांबली होती.

"यान साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "मी लहान मनाचा माणूस नाही."

"लुओ साहेब, ऐका. मला पुरळ—"

"कळतं मला. सगळं कळतं. आमच्या आईला मात्र यातलं काही माहीत नाही, तेवढं सांभाळा." त्यानं खिडकीच्या भोकातून तेलाची बाटली आत सरकवली. "बाबा तुमच्या घरी नेहमी पळीभर जास्त द्यायचे ना? हे तसंच समजा. आणि शेवटच्या सातव्याला, एकोणपन्नासाव्या दिवशी, यावंसं वाटलं तर मागच्या दारानं या. मी उघडं ठेवीन." जाता जाता तो वळला. "दादा, तुम्ही मोठे का मी?"

"मी शहात्तर सालचा."

"मग तुम्हीच," तो म्हणाला आणि मला वाकून नमस्कार करून गेला.

दोन नंबरच्या खिडकीनं मला चहा आणून दिला. साखर घातलेला.

संध्याकाळी बाबा देवळातून आले ते थेट खोलीत गेले. जेवताना ते आईशी बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळीही नाही. दुपारी आईनं भांडी आदळली.

"चाळीस वर्षं तेल आणलं, म्हणून या घरात दोन वेळा कढई तापली! स्वतः कधी गेलात घाण्यावर?"

"मी कुठं काय म्हणालो?"

"तेच तर! म्हणा ना काहीतरी!"

"पळीभर जास्त का द्यायचा तो?"

"कारण मी माप बघत उभी राहायचे! तुम्ही उभे राहिला असतात तर पळीभर कमी दिलं असतं!"

बाबांना हे पटल्यासारखं दिसलं, पण त्यांनी ते कबूल केलं नाही. ते माझ्याकडे वळले. "उद्या पौर्णिमा. आज दाढी उतरव."

"डॉक्टरनं तीस दिवस सांगितलेत. आज सव्विसावा."

"एकतीस वर्षं, वन-पिन," बाबा म्हणाले.

मी आ-लुआनच्या सलूनमध्ये गेलो. ती तीस वर्षं गावाच्या दाढ्या करतेय, तिच्या वस्तऱ्यानं मुंगीलाही जखम व्हायची नाही. तिनं मला खुर्चीत बसू दिलं नाही.

"एकोणपन्नास दिवस होऊ देत."

"आ-लुआन, माझा बाप घरी बसून कोहळ्याचा चहा पितोय!"

"तो एक झाला," आ-लुआन म्हणाली. "हे बघ दादा, तुझ्या घरचं मला काही विचारायचं नाही. पण सुतकातल्या माणसाला वस्तरा लावला तर माझ्या दुकानात कोण येईल? उद्या लुओंचा चि-हूंग येऊन म्हणेल, भावाची केलीस, माझी का नाही?"

म्हणजे घरीच करायची. मी दुकानातून पात्यांचं नवं पाकीट आणलं, सगळ्यात महागडं. संध्याकाळी नवं पातं रेझरला लावून, सकाळी घाई नको म्हणून, न्हाणीघरात फळीवर ठेवून दिलं. उद्याच्या कौलासाठी आईनं पाये शिजत घातले. घरभर आल्याचा आणि सोया सॉसचा वास सुटला आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला वाटलं की सगळं ठीक होईल.

पौर्णिमेच्या सकाळी मी आरशासमोर उभा राहिलो. गळा खरोखर सुधारला होता. सव्वीस दिवसांत एकही नवी पुटकुळी नव्हती. बाबा डॉक्टरचा कागद घेऊन न्हाणीच्या दारात स्टुलावर बसले, देवळात पोथी वाचावी तसे.

"कलम एक. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, पाच मिनिटं."

मी टॉवेल घेतला. आमच्या घरात टॉवेल कधीच विकत आणलेला नाही. गावातल्या प्रत्येक अंत्यविधीला गेलं की परत येताना एक मिळतोच.

"थांब," बाबा म्हणाले. "कोणाचा आहे तो?"

मी कोपऱ्यातलं छापलेलं नाव वाचलं. लुओ.

"दुसरा घे."

मी छायचा घेतला.

"कलम दोन. फेस बोटांनी केसांत मुरवावा, घाई करू नये. कलम तीन. नवं पातं. लावलंस ना?"

"काल संध्याकाळी."

"कलम चार. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेनं. उलट नाही. कलम पाच. जोर देऊ नये. रेझरच्या वजनानं काम व्हावं."

मी कानाखाली रेझर ठेवला आणि त्याच्या वजनानं काम होऊ दिलं. पातं खरखरीत दगडावरून ओढल्यासारखं खाली आलं. केस निम्मे निघाले, निम्मे उपटले.

"कातडी ताणू नको!"

"नाही ताणत."

"मग तोंड असं का केलंयस?"

"जळतंय, बाबा."

"कलम सहा. एका जागी एकदाच."

एकदाच करून भागेना. मी दोनदा केलं, काही ठिकाणी चारदा. कलम सातप्रमाणे गार पाणी मारलं, आठप्रमाणे टॉवेल न घासता टेकवला, नऊप्रमाणे मलम लावलं. तोवर माझ्या गळ्याचं नकाशावरच्या बेटांत रूपांतर झालं होतं. सात ठिकाणी रक्त. मी सात ठिकाणी टिश्यूचे तुकडे चिकटवले आणि कॉलर उघडी टाकून आम्ही तिघं देवळात निघालो.

अंगणात तीनशे माणसं होती. आम्ही आत शिरलो तसा आवाज कमी झाला. बाबा हात पाठीमागे बांधून चालत होते आणि मी हनुवटी वर करून, कारण ती खाली केली की दुखत होतं.

"बघा," बाबा होंग काकांना म्हणाले. "दाढी नाही. सुतक नाही. माझं नाव वाचा."

मागून शिऊ-चिन मावशीचा आवाज आला, हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "एकोणपन्नास दिवसही थांबला नाही गं. मानासाठी बापाच्या सुतकाची दाढी उतरवली. बिचारे लुओ."

"आणि गळा बघ," दुसरी म्हणाली. "देवीनं तिथल्या तिथं हिशेब केला."

होंग काकांनी माझ्या गळ्यावरचे पांढरे तुकडे बघितले. पांढराच रंग, तोही आज. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "शुई-मू, माझं मत विचारू नकोस. देवीलाच विचारू या. हे घर स्वच्छ असेल तर एक होकार."

त्यांनी धूप लावला, गुडघे टेकले आणि कौल टाकला. दोन्ही उताणे. देवी हसली.

पुन्हा टाकला. दोन्ही उताणे.

तिसऱ्यांदा दोन्ही उताणे पडले तेव्हा अंगणात कोणीतरी खरंच हसलं. बाबांचे कान लाल झाले. तेवढ्यात आई पुढे आली. आईला देवळात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"होंग भाऊजी, जरा थांबा. देवीला नीट कळत नसेल तर मी सांगते." ती देवीकडे तोंड करून बोलली, पण मान जरा मागे वळवून. "लुओकडून मी चाळीस वर्षं तेल घेतलं. भेसळीचं असायचं. चाळीस वर्षं त्या माणसाशी माझा एकच संबंध होता, भांडणाचा. माझा नवरा सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत घरात असतो, आणि तोही मला जड जातो. दुसरा ठेवायला मला वेळ कुठून मिळाला असता, ते टोफूच्या गाड्यावर कोणाला माहीत असेल तर त्यांनी पुढे येऊन देवीला सांगावं."

कोणी पुढे आलं नाही. होंग काकांनी घाईघाईनं चौथा कौल टाकला. एक उताणा, एक पालथा.

"होकार," काका म्हणाले, आणि यादीतलं बाबांचं नाव तसंच राहिलं.

बाबांची पाळी नवव्या नंबरवर आली. त्यांनी शर्टाची बटणं तपासली, आईकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं, तुकडे दोन्ही हातांत धरून कपाळाला लावले आणि टाकले.

दोन्ही पालथे.

"शून्य," होंग काकांनी लिहिलं. "पुढचा."

एकतीस वर्षं आणि वर एक, त्याला लागला तो दोन लाकडं फरशीवर पडायचा वेळ. नूडलवाल्या छुईला सहा होकार आले आणि धूपदाणी पुन्हा त्याच्याच घरी गेली.

परतताना कोपऱ्यावर आल्यावर बाबा म्हणाले, "निदान माझ्या नावानं हरलो." मग थोड्या वेळानं, आईकडे न बघता, "भेसळीचं होतं, तर चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

घरी आईनं पाये आणि शेवया वाढल्या. या महिन्यात दुर्दैवाची बाजू भरपूर जमली होती, म्हणून चार पाये होते. बाबांनी आपल्या वाटीत चि-हूंगच्या बाटलीतले दोन थेंब तेल घातले, वास घेतला आणि आणखी दोन घातले. तेल अस्सल होतं.

बाबांनी जेवणाच्या काड्यांनी एक पाया उचलून उजेडात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. "काहीही म्हण, पण साफ करावेत तर तूच. एक केस दिसत नाही."

"काल तर फारच झकास निघाले," आई म्हणाली. "वन-पिननं नवं पातं आणलंय ना. चारही पाये एका दमात झाले."

मी काड्या खाली ठेवल्या. गळ्यावरचा टिश्यूचा एक तुकडा वाटीत पडला.

"आई. माझ्या रेझरनं?"

"मग कशानं करू? धुऊन ठेवते की मी जागेवर. तीन वर्षं तसंच करतेय, चिमटा हरवल्यापासून."

जेवण झाल्यावर बाबांनी आणि मी फ्रीज पुढे ओढला. चिमटा त्याच्या मागे होता.